शेरू वाचला असता का? डिचोलीच्या एका ताईंना पशुवैद्याचं उत्तर

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे केसपेपरचे फोटो बारकाईने वाचले. इतरांना संदर्भ लागावा म्हणून हकीकत आधी थोडक्यात सांगतो. शेरू सहा वर्षांचा, गावठी आणि लॅब्रॅडॉर मिश्र, पिल्लू असल्यापासून तुमच्याच घरी वाढलेला. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही, अंग तापलं. जवळच्या डॉक्टरांनी ताप मोजला तर 104 भरला. त्यांनी दोन इंजेक्शनं दिली आणि ‘टिक फिव्हर दिसतोय’ म्हणून डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही फोन केलात की अजून काही खात नाही, नुसता पडून आहे. ‘औषधाला वेळ द्या, दोन दिवस लागतात,’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तेव्हा तुम्ही गाडी काढून त्याला पणजीला नेलंत. तिथे रक्त तपासलं: पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) 11, प्लेटलेट 38 हजार, स्लाइडवर बबेसिया हा गोचिडीतून येणारा परजीवी. रक्त देणारा कुत्रा मिळेपर्यंत रात्र झाली आणि पहाटे शेरू गेला. तुम्ही बाहेर बाकावर होता, आत सोडलं नाही. वर ‘फार उशिरा आणलंत’ हे ऐकून घरी यावं लागलं.

पहिल्या डॉक्टरांचा हलगर्जीपणा झाला का, आमचा उशीर झाला का, तक्रार करावी का, आणि शेवटच्या घटकेला आम्हाला आत का घेतलं नाही, असं तुम्ही विचारलं आहे. उत्तर गोव्यात अनेक वर्षं कुत्री-मांजरं तपासत आलो आहे, आणि जनावर गमावलेल्या बहुतेक माणसांच्या मनात हे प्रश्न एकमेकांत गुंतून बसतात हे पाहिलं आहे. जनावर वाचलं असतं का, हा एक प्रश्न. डॉक्टर चुकले का, हा दुसरा. आणि तुमच्याशी ते माणसासारखे वागले का, हा तिसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की माणूस आयुष्यभर कुढत राहतो. शेरूच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं निरनिराळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी आजार. आपल्याकडे ‘टिक फिव्हर’ म्हणून जे सर्रास बोललं जातं, तो एक आजार नव्हे. गोचिडीतून येणारे निदान तीन-चार वेगवेगळे जंतू त्या नावाखाली येतात. एहर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतो आणि डॉक्सीसायक्लीनला चांगला दबतो. बहुतेक कुत्री 24 ते 72 तासांत खायला लागतात. बबेसिया हा जिवाणूच नव्हे. तो मलेरियासारखा परजीवी आहे, तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. फुटलेल्या पेशींतला रंग लघवीत उतरतो, तेच तुम्ही तिसऱ्या दिवशी पाहिलंत. बबेसियाच्याही मोठ्या आणि छोट्या जाती आहेत. मोठ्या जातीवर इमिडोकार्बचं इंजेक्शन चालतं. छोटी जात, बबेसिया गिब्सोनाय, त्याला फारशी दाद देत नाही. तिच्यासाठी ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन अशी जोडी 10 दिवस द्यावी लागते. नुसत्या डॉक्सीसायक्लीनने ती बरी होत नाही. पणजीच्या कागदावर जात लिहिलेली नाही, नुसतं ‘बबेसिया’ आहे. एक ध्यानात ठेवा, हे दोन्ही आजार एकाच कुत्र्याला एकाच वेळी होऊ शकतात आणि आपल्याकडे होतातही.

पहिल्या दिवशी दोन्हींचं चित्र सारखंच असतं: ताप, सुस्ती, जेवण बंद. रक्त तपासलं तर दोन्हींत प्लेटलेट कमी दिसतात. दवाखान्यात जे झटपट किट वापरतात, त्यांपैकी बऱ्याच किटमध्ये एहर्लिकिया कळतो पण बबेसिया कळतच नाही. शिवाय ते किट अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, पाहतं. आपल्या भागातल्या कुत्र्यांत पूर्वी कधीतरी एहर्लिकिया होऊन गेलेली खूप असतात, त्यांचं किट आजही पॉझिटिव्ह येतं. स्लाइडवर बबेसिया दिसला तर निदान पक्कं. पण रक्तात परजीवी थोडे असले तर सुरुवातीच्या स्लाइडवर ते सुटू शकतात. पीसीआर, म्हणजे रक्तातला जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, सगळ्यांत भरवशाची, पण नमुना बाहेरच्या लॅबला जातो आणि रिपोर्ट यायला दिवस लागतात.

आता पहिल्या दिवसाचा हिशेब करू. भाद्रपदात, पावसाळ्यात, अंगावर गोचीड सापडलेला तापलेला कुत्रा समोर आला आणि चवथीमुळे लॅब बंद असली, तर डॉक्सीसायक्लीन सुरू करणं हा चुकीचा निर्णय म्हणता येणार नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेक चांगल्या डॉक्टरांनी त्या दिवशी तेच केलं असतं. पण त्यासोबत आणखी तीन गोष्टी व्हायला हव्या होत्या आणि त्या झालेल्या कागदावर दिसत नाहीत. हिरड्यांचा रंग लिहिलेला नाही. केसपेपरवर फक्त वजन आणि ताप आहे. कोणती इंजेक्शनं दिली त्यांची नावं नाहीत, आणि ही उणीव कुठल्याही सबबीने भरून निघत नाही. ताप उतरवायला दिलेलं औषध कोणतं होतं, हे पुढच्या डॉक्टरला कळणं गरजेचं असतं, कारण त्यांतली काही मूत्रपिंडावर भार टाकतात. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ‘लघवीचा रंग बघा, हिरड्या बघा, 48 तासांत जेवला नाही तर परत आणा’ हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तपासणीची सोय नसताना अंदाजाने उपचार सुरू करायची पाळी प्रत्येक डॉक्टरवर येते. मात्र अंदाजाने उपचार करणाऱ्याने अंदाज चुकला तर तो कशावरून ओळखायचा, हे घरच्यांच्या हातात देऊनच पाठवायला हवं. आमच्या धंद्यात हे सर्वांत स्वस्त औषध आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा द्यायचं राहतं.

दुसऱ्या दिवशीचा फोन मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त खटकतो. औषध सुरू होऊन दीड दिवस झाला, कुत्रा पडून आहे, पाणीही नीट पीत नाही, हे ऐकल्यावर ‘हिरड्या वर करून बघा, रंग कसा आहे सांगा’ एवढं तरी विचारायला हवं होतं. पांढुरक्या म्हणाला असतात तर लगेच बोलवायला हवं होतं, त्यांच्याकडे सोय नसेल तर पणजीला किंवा म्हापशाला पाठवायला हवं होतं. इथे काळजी कमी पडली असं मी स्पष्ट म्हणेन. तुमची चीड अनाठायी नाही.

मग तो वाचला असता का? दुसऱ्या संध्याकाळी निघाला असता तर हातात साधारण बारा तास जास्त मिळाले असते. निरोगी कुत्र्याचा पीसीव्ही साधारण 37 ते 55 असतो; 11 वर यायला शेरूच्या पेशी फार वेगाने फुटत होत्या. आदल्या संध्याकाळी तो कदाचित 18-20 असेल. त्या टप्प्यावर रक्त चढवून औषध सुरू झालेली कुत्री वाचतात, हे खरं. पण बबेसियावरच्या औषधाला काम करायला दिवस लागतात, मधल्या काळात पेशी फुटतच राहतात, आणि शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीही परजीवी शिरलेल्या पेशींसोबत चांगल्या पेशी मारायला लागते. वेळेवर रक्त मिळूनही गेलेली कुत्री मी पाहिली आहेत. म्हणून माझं उत्तर असं: संधी वाढली असती, खात्री नव्हती. यापुढे जाऊन ‘नक्की वाचला असता’ किंवा ‘कशानेच वाचला नसता’ असं जो सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

रक्ताचा मुद्दा तुम्ही फार ओझरता लिहिला आहे, पण तिथेच तुमची पूर्ण रात्र गेली, म्हणून थोडं सांगतो. पणजीच्या डॉक्टरांनी मुद्दाम वेळ काढला असं तुम्हाला वाटतं आहे. माणसांसारखं कुत्र्याचं रक्त पिशवीत तयार मिळेल असं आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. देणारा कुत्रा तरुण, 25 किलोच्या वरचा, लसी पूर्ण झालेला आणि शांत बसणारा लागतो. शिवाय त्याच्या स्वतःच्या रक्तात बबेसिया नाही हे पाहावं लागतं, कारण रक्तातूनही हा आजार जातो. मग दोघांचं रक्त जुळतं का ते बघायचं. पहिल्यांदाच रक्त चढवताना कुत्र्याला गंभीर रिॲक्शन सहसा येत नाही, म्हणून अगदी निकड असेल तर जुळवणी न करताही चढवतात, पण दाता तर हवाच. चवथीत घरोघरी पाहुणे, अर्धी माणसं गावी गेलेली. त्या रात्री ज्यांनी फोनवर फोन करून कुत्रा शोधला, त्यांच्याबद्दल मनात अढी ठेवू नका.

पण त्यांच्याच तोंडून निघालेल्या ‘फार उशिरा आणलंत’ या वाक्याबद्दल मला राग आहे. तिसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला तिसऱ्या दिवसाचं चित्र दिसतं: काळी लघवी, पांढऱ्या हिरड्या, हातात रिपोर्ट. पहिल्या दिवशी पाहणाऱ्याला यांतलं काहीच दिसलेलं नसतं. दुसरा डॉक्टर नेहमी जास्त हुशार वाटतो, कारण आजाराने तोवर स्वतःची ओळख पटवून दिलेली असते. आणि मालकाला तर वैद्यकशास्त्र ठाऊक नसतंच. आजारी पडला त्याच दिवशी तुम्ही डॉक्टर गाठलात, औषध वेळेवर दिलंत, फरक पडला नाही तर फोन केलात, लघवीचा रंग बदलताच सगळं टाकून निघालात. यात उशीर कुठे आहे? डॉक्टरने सांगितलं तेवढी वाट तुम्ही पाहिलीत. विश्वास ठेवणं हा अपराध नव्हे. ते वाक्य तुमच्यावर लागू होत नाही.

तुम्ही लिहिलंय की गोचिडीचं औषध मानेवर टाकून दीड महिना झाला होता. त्या औषधांचा असर साधारण महिनाभर धरतात, पावसात भिजणाऱ्या, विहिरीवर अंघोळ घातल्या जाणाऱ्या कुत्र्यात त्याहून कमी. ते पुन्हा टाकायचं राहून गेलं, एवढं खरं. चवथीच्या आधी घर सारवणं, रंगकाम, माटोळी यात गुंतलेल्या घरात हे राहून जातं. आणि गिब्सोनाय गोचिडीशिवायही पसरतो, कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यांतून. शेरू गावठी कुत्र्यांशी भांडायचा असं तुम्हीच लिहिलंय. कुठून आला ते आता कुणीच सांगू शकणार नाही, तेव्हा त्या एका चुकलेल्या डोसावर सगळं खापर फोडून घेऊ नका.

आत का सोडलं नाही? सलाइन, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत गर्दी नको, इतर जनावरं बिथरतात, काही वेळा घरची माणसं इतकी व्याकूळ होतात की काम करणं कठीण होतं. ही कारणं खरी आहेत. पण दोन मिनिटं, एका माणसाला, हात लावायला जाऊ देण्यात यातलं काहीच आड येत नाही. जनावर हातचं जातंय असं दिसायला लागलं की घरच्यांना आत बोलवावं, परिस्थिती स्पष्ट सांगावी, आणि त्रास फार होत असेल तर शांतपणे मरण देण्याचा पर्यायही समोर ठेवावा, असं मी मानतो. तुम्हाला यांतलं काहीच मिळालं नाही. त्याने शेरूच्या जगण्या-मरण्यात फरक पडला नसता, पण तुमच्या पुढच्या महिन्यांत फार मोठा फरक पडला असता.

तुम्ही विचारलेलं नाही पण मनात नक्की असेल, म्हणून सांगतो. एवढं रक्त कमी झालेलं जनावर फार थकलेलं, गुंगीत असतं. श्वास भरभर चालतो. हाड मोडल्यावर होते तशी तीव्र वेदना या आजारात सहसा नसते. शेवटच्या तासांत बाहेर कोण आहे, आत कोण आहे, हे कळण्याइतकी शुद्ध त्याला असेल असं मला वाटत नाही.

आता पुढे काय करायचं ते. तक्रारीचा विचार करण्याआधी कागद गोळा करा, दोन्हीकडचे. केसपेपर, रिपोर्ट, दिलेल्या औषधांची नावं आणि मात्रा, तुम्ही सही केलेला संमतीपत्राचा कागद, बिलं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गोळ्यांची उरलेली पाकिटं टाकू नका, फोटो काढून ठेवा. फोनच्या कॉलची तारीख-वेळ मोबाइलमधून उतरवून घ्या, ती यादी काही दिवसांनी पुसली जाते. पणजीच्या दवाखान्यात शेरूच्या रक्ताची जांभळ्या टोपणाची नळी अजून फ्रिजमध्ये असेल तर तीवर पीसीआर करता येईल. हे आजच विचारा, कारण नमुने फार दिवस ठेवत नाहीत. बबेसियाची जात कळली तर तुमच्या दुसऱ्या कुत्रीच्या उपचारालाही उपयोग होईल.

शवविच्छेदन आता शक्य नाही, तुम्ही त्याला परसात पुरलंय. दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली आणि मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असली तर सांगून ठेवतो: आपल्या हवेत शरीर काही तासांतच बिघडायला लागतं. ते थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही, बर्फाने पेशी फुटतात. आणि लगेच, शक्यतो उपचार न केलेल्या तिसऱ्या डॉक्टरकडून किंवा सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयातून शवविच्छेदन करून घ्यायचं. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्या-नातेवाइकांपैकी कुणीतरी सुचवावं.

कागद हातात आले की पहिल्या डॉक्टरांना भेटा. ओपीडीच्या गर्दीत नको. वेळ मागून घ्या, सोबत घरातलं एक शांत डोक्याचं माणूस न्या. ‘तुम्ही माझ्या कुत्र्याला मारलंत’ इथून सुरुवात केलीत तर समोरचा दार बंद करून घेईल आणि तुम्हाला एकही उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी विचारा: पहिल्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं आणि कशावरून? त्या दिवशी हिरड्यांचा रंग कसा होता? इंजेक्शनं कोणती दिलीत? मी दुसऱ्या संध्याकाळी फोनवर काय सांगितलं ते तुम्हाला आठवतं का? आणि शेवटी, उद्या असाच कुत्रा आला तर काय वेगळं कराल? या शेवटच्या प्रश्नाला माणूस कसं उत्तर देतो, त्यावरून बरंच कळतं. ज्याला ती केस मनाला लागली आहे, तो हे उत्तर आधीच मनात घोळवत असतो. अनेक तक्रारी या भेटीपाशीच संपतात, कारण लोकांना कुणीतरी समोर बसून सरळ बोलायला हवं असतं. डॉक्टर भेटायलाच तयार नसतील, कागद द्यायला टाळाटाळ करत असतील, किंवा त्यांनी कागद नंतर लिहून दिल्यासारखे दिसत असतील, तर मात्र पुढचं पाऊल टाका.

एक साधी गोष्ट आधी तपासा. तपासणारी व्यक्ती खरोखर नोंदणीकृत पशुवैद्य होती ना? भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 प्रमाणे पशुवैद्यकीची पदवी आणि परिषदेकडची नोंदणी असलेल्यांनाच हा व्यवसाय करता येतो. मदतनीस देखरेखीखाली काही किरकोळ सेवा देऊ शकतात, स्वतंत्रपणे निदान करून औषधं लिहू शकत नाहीत. सणासुदीला डॉक्टर गावी आणि दवाखान्यात कंपाउंडर, असं घडतं. शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक बघा.

व्यावसायिक वागणुकीबद्दलची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते. कागद न ठेवणं, औषधांची नावं न लिहिणं, निष्काळजीपणा, हे तिच्या कक्षेत येतं. परिषद पैसे मिळवून देत नाही, पण गंभीर प्रकरणात नोंदणी रद्द होऊ शकते. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये माणसांच्या डॉक्टरांबाबत ठरवलं, आणि पशुवैद्यांविरुद्धच्या तक्रारीही ग्राहक आयोगांपुढे चालतात. सगळ्यांनाच मोफत मिळणारी सरकारी सेवा मात्र त्यात बसत नाही. तिच्याबद्दल पशुसंवर्धन संचालनालयाकडे लिहावं लागतं. डिचोली उत्तर गोवा जिल्हा आयोगाच्या हद्दीत येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. म्हणजे घाई नाही. वर्षश्राद्धापर्यंत थांबूनही तुम्हाला निर्णय घेता येईल, एवढी मुदत आहे.

पण तिथे काय सिद्ध करावं लागतं तेही ऐका. साधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली नाही, आणि त्यामुळेच नुकसान झालं, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. निदान चुकलं किंवा निर्णय चुकला एवढ्याने निष्काळजीपणा ठरत नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर मांडलं आहे. शेरूच्या प्रकरणात पहिला भाग, विशेषतः फोन आणि अपुरा केसपेपर, मांडता येईल. दुसरा भाग कठीण आहे, कारण वर म्हटलं तसं, वाचलाच असता हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालमत्ता आहे, म्हणून रकमा तुमच्या दुःखाच्या मानाने फार लहान असतात. माझं मत विचाराल तर, भेटीत समाधान झालं नाही तर परिषदेकडे जा. तुमचं खरं गाऱ्हाणं कागद आणि संवादाबद्दल आहे, आणि ते ऐकण्याची जागा तीच आहे. पोलिसांत जाण्यासारखं मला यात काही दिसत नाही. आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉक्टरांचं नाव घालून लिहायचा विचार तुमच्या भावाने केला आहे, तो निदान भेट होईपर्यंत तरी थांबवा. बदनामीचा दावा उलटला तर मूळ प्रश्न बाजूलाच राहील.

आता घरचं. ‘कुत्राच तर होता, दुसरा आणू’ असं म्हणणारे तुमचे दीर वाईट नाहीत, त्यांना दुसरं काय बोलावं ते सुचत नाही. तरी तुम्ही त्यांना सांगू शकता की हे वाक्य मला नको. सहा वर्षं पहाटे दार उघडलं की पहिला जो जीव भेटायचा, तो नसणं हे मोठं दुःख आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्याच्या नखांचा आवाज ऐकू येणं, भाताचा वाटा त्याच्यासाठी नकळत बाजूला काढला जाणं, हे सगळं मी घराघरांतून ऐकलेलं आहे. वेड लागल्याची खूण नव्हे ती. मुलीला ‘तो गावी गेला’ असं सांगितलंत, ते दुरुस्त करा. सात-आठ वर्षांच्या मुलांना मरण कळतं. खोटं पकडलं गेलं की त्यांना आपलंच काही चुकलं असं वाटायला लागतं. आजार झाला होता, औषध दिलं, तो वाचला नाही, आणि आपण कुणी त्याला काही केलं नाही, एवढं सांगा आणि परसात कुठे पुरलाय ते दाखवा.

तुम्ही झोप येत नाही असं लिहिलंय. काही आठवडे हे चालेल. महिना-दीड महिन्यानंतरही झोप-जेवण रुळावर आलं नाही, किंवा जगूच नये असे विचार आले, तर ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर फोन करा; तो मोफत आहे. बांबोळीच्या मनोविकार संस्थेची ओपीडीही आहे. कुत्र्यासाठी कसं जायचं, असा संकोच धरू नका.

आणखी एक निकडीचं. पावसाळ्यात काळपट लघवी आणि ताप असला की लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो, तो उंदरांच्या मुतातून पसरतो आणि कुत्र्याकडून माणसाला होतो. शेरूच्या स्लाइडवर बबेसिया दिसला म्हणून तो जवळजवळ तेवढ्यानेच आजारी होता असं धरायला जागा आहे, पण लेप्टोची तपासणी झालेली नाही. त्या दिवशी लघवी कुणी हाताने पुसली असेल, तर पुढच्या महिनाभरात त्या माणसाला ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर लगेच आरोग्य केंद्रात जाऊन ‘घरचा कुत्रा आजारी होता’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लवकर कळलं तर त्यावर साधी औषधं चालतात.

शेवटी चंपी, तुमची दुसरी कुत्री. ती त्याच अंगणात, त्याच गोचिडींत वाढते आहे, म्हणून ती ठणठणीत दिसत असली तरी या आठवड्यात तिचं रक्त तपासा: सीबीसी, स्लाइड, आणि शक्य असेल तर बबेसियाचा पीसीआर. नुसतं किट करून निगेटिव्ह आलं म्हणून थांबू नका, कारण मी वर सांगितलं ते. तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलून तिच्या वजनाप्रमाणे गोचिडीची खायची गोळी सुरू करा. काही महिनाभर चालतात, फ्लुरालानरची 12 आठवडे चालते. तिला पूर्वी कधी आकडी आली असेल तर ते आधी सांगा, मग वेगळं औषध निवडावं लागेल. आणि घराकडे बघा. गोचिडी कुत्र्यावर दिसतात त्याच्या कित्येक पट घरात असतात. तुमचं घर चिऱ्यांचं आहे. गिलावा नसलेल्या चिऱ्यांच्या फटी, गडग्यातली भोकं, पडवीतल्या सोप्याखालची जागा, शेरूचं जुनं गोणपाट, ही त्यांची अंडी घालायची ठिकाणं. एक मादी हजारोंनी अंडी घालते. गोणपाट जाळून टाका, फटी सिमेंटने बुजवा, फवारणी करायची तर चंपीला आणि मांजरांना दिवसभर दुसरीकडे ठेवा. परमेथ्रिन असलेलं कुठलंही औषध मांजराच्या आसपास वापरू नका, ते मांजरांना मारक आहे. दोन-तीन आठवड्यांनी फवारणी पुन्हा करावी लागेल, नंतर फुटलेली पिल्लं पहिल्या फवारणीत सापडत नाहीत.

चंपीच्या हिरड्या आजच वर करून बघा आणि निरोगी असतानाचा रंग उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे फरक ओळखता येईल. रिपोर्ट आले की पाठवा. पीसीव्ही 35 च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली असल्या, तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी तिला घेऊन निघा.